पार्श्वभूमीतलं घर

आमच्या वाड्याचा एकही पूर्ण फोटो कुणाकडे नाही. जुन्या नाशकातल्या तिवंध्याजवळचा तो बोळ इतका अरुंद, की समोरच्या भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलं तरी कॅमेऱ्यात दिंडी दरवाजा आणि ओट्याचा एक कोपरा एवढंच मावायचं. शिवाय घराचा फोटो मुद्दाम कोण काढतो? मुंजीचा काढतात, डोहाळजेवणाचा काढतात, नवी स्कूटर आली की हार घालून तिचा काढतात. घर आपलं मागे उभं असतं, धूसर.

वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा चुलतभावंडांनी वस्तू वाटून घेतल्या. कुणी झोपाळ्याच्या पितळी कड्या नेल्या, कुणी घंगाळ, कुणी देव. मी माजघरातल्या फडताळाची दोन दारं मागितली. जुनं सागवान, छातीएवढी उंच, आणि आतल्या बाजूला खडूनं, पेन्सिलीनं, सापडेल त्यानं वर्षानुवर्षं लिहिलेले हिशोब : दूध, इस्त्रीवाला, गॅसचा नंबर. अण्णाकाकांनी विचारलं, "नुसती दारं नेऊन करणार काय?" म्हटलं, "त्यावर चित्र करणार." "कशाचं?" "वाड्याचंच." मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे माझ्या असल्या मागण्यांचं घरात कुणाला फारसं नवल वाटत नाही. काकांनी बिजागऱ्यासुद्धा काढून दिल्या.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवली होती. वाड्याचं देखणं चित्र काढायचं नाही. नाशिकचे वाडे, घाट, देवळांच्या पायऱ्या आम्ही विद्यार्थी असताना शिवाजी तुपे यांच्या जलरंगांत पोटभर पाहिल्या. ते काम झालेलं आहे, आणि आपल्याच्यानं होणार नाही इतकं चांगलं झालेलं आहे. त्यानंतरचं बरंचसं वाडाप्रेम मला खोटं वाटतं. आता मिसळीच्या हॉटेलातही प्लायवूडच्या महिरपी असतात. आमच्या वाड्यात संडास मागच्या बोळात होता, पावसाळ्यात माडीवर जागोजागी पातेली मांडावी लागत, आणि स्वयंपाकघराला उजेडासाठी एक झरोका. त्या धुरात माईचा, म्हणजे माझ्या आजीचा, जन्म गेला. वाडा म्हटल्यावर ज्यांना चौक, तुळस आणि झोपाळा एवढंच आठवतं ती बहुधा जेवायला बसणारी मंडळी असतात, वाढणारी नव्हेत.

तेव्हा घर शोधायचं कुठे? फोटोंच्या मागच्या बाजूला शोधायचं ठरवलं.

घरात एक जाड काळ्या पानांचा अल्बम होता. कोपऱ्यांत अडकवलेले कृष्णधवल फोटो, दोन पानांमध्ये जाळीची नक्षी असलेला पातळ कागद. असे फोटो ओढून काढायचे नसतात. जे सहज सुटले ते सोडवले, बाकीचे पानासकट स्कॅनरवर ठेवले. स्कॅन 600 डीपीआयवर केले, कारण मला माणसं नकोच होती. त्यांच्या खांद्याआडचा बोटभर तुकडा मोठा करायचा होता. मग संगणकावर एकेका फोटोतून माणसं उडवत गेले. सख्ख्या पणजोबांना असं पुसून टाकताना सुरुवातीला हात अडखळतो, पुढे सवय होते. मागे काय काय निघालं! खुंटीला छत्री आणि काळी टोपी. एका फोटोत कोनाड्यात कंदील, नंतरच्या फोटोत त्याच कोनाड्यात ट्रान्झिस्टर. तुळईवरून लोंबणारी विजेची वायर. जिन्याखाली गोवऱ्यांची रास. एका कॅलेंडरवर महिना चुकीचा, म्हणजे कुणी पान उलटलंच नव्हतं.

आणि आई. आई लग्न होऊन त्या वाड्यात आली ती नातवंडं होईपर्यंत तिथेच होती. अल्बममध्ये लग्नाचा फोटो सोडला तर समोर ती कुठेच नाही. पण माणसं काढून टाकल्यावर जे उरलं त्यात ती ठिकठिकाणी सापडली. स्वयंपाकघराच्या दारात अर्धी, हातात ओगराळं. पंगतीच्या टोकाला पाठमोरी. एका बारशाच्या फोटोत नुसता बांगड्यांचा हात, पडद्याची कड धरलेला. तिला हे तुकडे दाखवले तेव्हा चष्मा पुसत म्हणाली, "फोटोवाला आला की आम्हाला कामाची घाई असायची गं. तो गेल्यावर जेवायचे होते ना सगळे."

ते तुकडे मी तसेच ठेवले. घराबरोबर मागे राहिलेलं माणूस घराच्या चित्रात आलंच पाहिजे.

एक फोटो अल्बममध्ये नव्हता, काचेच्या चौकटीत होता. 1969 च्या सप्टेंबरात गंगेला महापूर आला (नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात), तेव्हा सराफ बाजाराच्या अंगाला राहणारी माईची माहेरची माणसं हाती लागेल ते घेऊन आमच्याकडे चढावर आली होती. त्यात माईच्या वडिलांचा हा फोटो. पाण्यात भिजला की फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि वाळताना काचेला चिकटून बसतो. मग सोडवायला जावं तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. म्हणून चौकट न उघडता, खिडकीपाशी तिरप्या उजेडात, काचेसकटच त्याचा फोटो घेतला. पुराची उंची आमच्याकडे नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीवर आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेवर मोजतात. या फोटोत तपकिरी रेघ पणजोबांच्या उपरण्यापर्यंत आली आहे.

फोटोंनी भिंती दिल्या, पण भिंतीला भिंत कुठे मिळते ते कळेना. सिटी सर्व्हेच्या नकाशात हद्द असते, खोल्या नसतात. चित्रकार झरीना हाश्मी यांनी अलीगढच्या आपल्या लहानपणच्या घराचा आराखडा छापचित्रात उतरवला होता. माणूस एकही नाही, नुसत्या रेषा. ते काम डोक्यात होतं. पण मला तसा आराखडा कुठून मिळणार? आमच्या घरात मोजपट्टी घेऊन हिंडलेलं कुणी नव्हतं, आणि मी हिंडायला गेले तोवर मागची बाजू टेकू लावून बंद केलेली होती. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, तशी आमच्याही दारावर लागलेली होती.

मग चौघांना कागदावर घर काढायला सांगितलं : अण्णाकाका, आत्या, आई, आणि खालच्या दोन खणांत बरीच वर्षं भाड्यानं राहिलेल्या काकू. सगळ्यांना एकाच मापाचा ट्रेसिंग पेपर, एकच काळं पेन, आणि परीक्षेला बसवल्यासारखं वेगवेगळं बसवलं. "मला कुठे चित्र येतं," हे चौघांनीही म्हणून घेतलं आणि चौघंही तासभर मान वर न करता बसले.

अण्णाकाकांच्या कागदाचा अर्धा भाग ओट्यानं खाल्ला. ओट्यावर कोण कुठे बसायचं तेही त्यांनी लिहिलं. माडीवरची खिडकी ठसठशीत, कारण रंगपंचमीला रहाडीत उड्या मारायला निघालेली पोरं तिथून दिसायची. (रहाड म्हणजे पेशवाईपासूनचे आमचे रंगाचे हौद. वर्षभर बुजवलेले असतात आणि त्या दिवशी उघडतात.) मागे एक चौकोन, आत लिहिलेलं : स्वयंपाकघर. त्याला दार नव्हतं. मी विचारलं, "काका, आत जायचं कुठून?" ते म्हणाले, "असेल की दार. दाराशिवाय कसं असेल?"

आत्याच्या वाड्यात जिना नव्हता. चौक होता, चौकातली फरशी न् फरशी होती, सागरगोटे खेळायची पायरी होती, माडी मात्र हवेत तरंगत होती. "माडीवर पुरुष पाहुणे उतरायचे. आम्हाला वर जायची बंदी," ती म्हणाली, आणि जरा वेळानं, "पण जिना असणारच. माई ताटं घेऊन वर जायची." तरी तो कुठून निघायचा ते तिला आठवेना.

आईनं घर मागच्या दारापासून सुरू केलं. न्हाणी, चूल, उखळ, बळद, मग माजघर, आणि सगळ्यात शेवटी, कागद संपता संपता, दर्शनी दार. अंतरं तिनं पावलांत लिहिली. चुलीपासून आडापर्यंत बावीस पावलं, हंडा भरलेला असला की सव्वीस. माजघराच्या कडेला भिंतीलगत एक छोटा चौकोन काढून त्यात काहीच लिहिलं नाही. मी बोट ठेवलं. "बाजूला बसायची जागा," ती म्हणाली. "तीन दिवस." तो कोपरा आत्यानं काढला नव्हता. काकांच्या कागदावर तर माजघरच नव्हतं.

भाडेकरू काकूंचे दोन खण इंचाइंचानं खरे वाटावेत असे. पलंग, स्टोव्ह, पिंप, कपाटामागे लपवलेला कोळशाचा डबा. त्याबाहेर उंबरा, समाईक नळ, आड. बाकीचा कागद कोरा.

हे चारही कागद एकावर एक ठेवले तर नुसता गुंता दिसतो, आणि एकच खरा धरून बाकीचे बाजूला सारायचे तर कोणाचा धरायचा? याचं उत्तर सायनोटाइपनं दिलं. जॉन हर्शेलनं 1842 मध्ये शोधलेली ही छपाईची रीत पुढे इमारतींचे नकाशे उतरवायला सर्रास वापरली गेली, त्यामुळे घराच्या आराखड्याला ती शोभतेच. फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम तेवढ्याच पाण्यात. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवायची आणि लावायच्या वेळी निम्मं निम्मं मिसळायची. दुसऱ्या बाटलीचं नाव ऐकून आत्यानं नातवाला गच्चीवर यायची बंदी केली. हातमोजे घातले आणि ॲसिडपासून दूर ठेवलं तर घाबरण्यासारखं काही नसतं. कापड सुती हवं, धुऊन खळ काढलेलं. मंद पिवळ्या दिव्यात ब्रशनं द्रावण लावायचं, अंधारात वाळवायचं. वर रेषांची फिल्म, तिच्यावर काच, आणि मग ऊन. जिथे ऊन लागतं तिथे निळं होतं, जिथे रेघ उन्हाला अडवते तिथे कापड पांढरं राहतं. शेवटी पाण्यात पिवळं निथळून जाईपर्यंत धुवायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत निळा आणखी गडद होत जातो.

आता युक्ती अशी केली : चारही नकाशे झेरॉक्सवाल्याकडून पारदर्शक फिल्मवर उतरवून घेतले आणि दर्शनी भिंत चौघांची सारख्या लांबीची होईल असे लहानमोठे करून घेतले. मग एकाच कापडावर, उंबरा जागच्या जागी ठेवून, ते पाळीपाळीनं उन्हात धरले, प्रत्येकाला चारपाच मिनिटं. पौषातलं नाशिकचं ऊन याला फार चांगलं, स्वच्छ आणि न भाजणारं. एकट्याचीच रेघ असेल तिथे उरलेल्या तीन पाळ्यांत ऊन पोचतं आणि ती जेमतेम दिसेल न दिसेल अशी राहते. दोघातिघांची रेघ जुळली तर फिकट निळी. चौघांची नेमकी एका जागी पडली तरच पांढरी शुभ्र.

उंबरा पांढरा येणार हे ठरलेलंच होतं, तो मीच जुळवला होता. त्याखेरीज पांढरा आला तो फक्त आड.

देवघरही नाही. देवघर तिघांनी तीन भिंतींना टेकवलं होतं. अण्णाकाकांना हे अजून पटलेलं नाही. पण विचार केला तर त्यात नवल नाही. "आडाजवळ जाऊ नको" हे वाक्य त्या घरात प्रत्येकानं एक तर ऐकलं होतं, नाही तर ओरडून म्हटलं होतं. भाडेकरूंच्या पोरांनाही तेच सांगितलं जायचं.

आईचा तो बिननावाचा चौकोन कापडावर इतका पुसट आला, की मला माहीत होता म्हणून दिसला. शाईनं गिरवावासा वाटेना. सगळं घर उन्हानं काढलेलं आणि एवढंच पेननं, असं दिसलं असतं. तो मी पांढऱ्या दोऱ्यानं, गोधडीला घालतात तसला धावदोरा घालून, शिवून घेतला. स्वयंपाकघराच्या भागावर कापसानं चहाचं कडक पाणी दिलं. चहातल्या टॅनिननं हा निळा काळपट होतो, आणि तिथे तो तसाच हवा होता.

हे झालं उजव्या दाराचं. डाव्या दारावर भिंती यायच्या होत्या, आणि दोन्ही एकत्र आणता येत नव्हत्या याला कारण रसायनाचं आहे. सायनोटाइपच्या निळ्याला अल्कली सोसत नाही, साबणाच्या पाण्यानंसुद्धा तो उडायला लागतो. आणि आमच्या भिंती चुन्याच्या. चुन्याचे पोपडे त्या कापडाला लागून ठेवायचे म्हणजे निळ्याची सुटीच. म्हणून डावं दार भिंतींचं, उजवं कापडाचं, मधे बिजागरी.

भिंतीचे तुकडे काढण्यात मला सगळ्यात जास्त मजा आली. माजघराच्या भिंतीचा हातभर भाग निवडून शस्त्रक्रियेच्या पात्यानं एकेक थर पायरीपायरीनं उघडा केला. जुन्या इमारतींचे मूळ रंग शोधणारे लोक असंच करतात. वर मोरपंखी ऑइलपेंट. त्याखाली गुलाबी डिस्टेंपर. त्याखाली पिस्ता. मग नीळ घातलेला चुना, आणखी चुना, आणि तळाला माती. थरांच्या तारखा आईनं आणि आत्यानं बसल्या जागी सांगितल्या. घर रंगवलं जायचं ते लग्नाला किंवा सिंहस्थाला. बारा वर्षांनी कुंभमेळा येणार, गंगेवर स्नानाला गावोगावचे पाहुणे येणार आणि महिनाभर हलणार नाहीत, म्हणून भिंती ठीकठाक करायच्या. गुलाबी 1980 च्या सिंहस्थाचा. पिस्ता आत्याच्या लग्नाचा. "तो पिस्ता मी निवडला होता," आत्या म्हणाली, "आणि सासरी गेल्यावर चारच वर्षांत तुम्ही तो झाकलात." मोरपंखी 2003 चा. 2015 च्या सिंहस्थात कुणीच राहत नव्हतं, म्हणून त्याचा थर नाही. पोपडे ठिसूळ असतात. वर पातळ कागद चिकटवून, मागून सुरी घालून ते उचलायचे आणि दारावर बसल्यावर वरचा कागद भिजवून काढायचा.

दाराची तयारीही सांगायला हवी, कारण सागवानावर थेट कागद चिकटवला की काही महिन्यांत लाकडातलं तेल आणि टॅनिन वर येऊन तपकिरी डाग पडतात. आधी स्पिरिटनं पुसून घेतलं, मग लाखेच्या पॉलिशचे दोन हात. कापडासाठी बाइंडर लोक करतात तशी मैद्याची खळ केली, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. मोरचूद विषारी, तेव्हा त्या पातेल्याला स्वयंपाकघरातून कायमची रजा.

फोटोतले तुकडे ॲक्रिलिक जेलनं उतरवले. प्रिंट लेझरचीच लागते, इंकजेटची शाई पाणी लागताच वाहते. जेलचा थर द्यायचा, प्रिंट पालथी बसवायची, रात्रभर वाळू द्यायची, मग ओल्या बोटांनी मागचा कागद चोळून चोळून काढायचा. शाई जेलमध्ये राहते आणि कागद निघून जातो. चित्र उलटं पडतं, म्हणून छापतानाच ते आरशातल्यासारखं फिरवून घ्यायचं, नाही तर कॅलेंडर उलटं वाचावं लागतं. चोळताना थोडी शाई निघते, बारीक छिद्रं पडतात. पडू द्यावीत. आईच्या ओगराळ्याच्या हाताखालून चुना दिसतो तो त्याच छिद्रांतून.

वस्तू खरी लावायची की तिची प्रत, यावर घरात मोठं रण झालं. निमित्त माईचं सुती लुगडं. मला त्याच्या काठाची पट्टी हवी होती. आत्या म्हणाली, कात्री लागता कामा नये. आई म्हणाली, "माईंनी स्वतःच फाडून गोधडी केली असती एव्हाना." दोघींचंही खरं. अण्णाकाका मध्ये पडले : "हे चित्र आहे की अडगळ, एकदा ठरवा." त्यांना मी सांगितलं की 1912 मध्ये पिकासोनं एका चित्रात वेताच्या विणीचा छापा असलेलं ऑइलक्लॉथ चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोर बांधला, तिथून हे सगळं सुरू झालं असं मानतात. काका म्हणाले, "म्हणजे खुर्चीचं वेत पण खोटंच! मग खरी खुर्ची का नाही लावली त्यानं?" हा प्रश्न मी पुढे शाळेत मुलांना विचारला, इतका तो चांगला आहे.

लुगडं शेवटी अख्खं राहिलं. त्याऐवजी माईनं केलेली, विटून कडेला उसवलेली गोधडी मिळाली. तिच्यात त्याच जातीच्या लुगड्यांचे तुकडे माईनं स्वतःच्या हातानं कापून लावलेले होते. कापायचा निर्णय तिचा, मी फक्त उसवलेला तुकडा घेतला.

खरी पंचाईत आजोबांची. ते प्रेसमध्ये होते. नाशिकरोडच्या छापखान्याला आमच्याकडे नुसतं प्रेस म्हणतात. 1928 पासून नोटा छापणारा एक आणि पोस्टाची तिकिटं, स्टॅम्पपेपर वगैरे छापणारा दुसरा. आजोबा दुसऱ्यात. जन्मभर कागद आणि शाईत काम केलेल्या माणसाची घरात एक चिटोरीसुद्धा नाही, कारण सुटताना रोज झडती व्हायची आणि कोरा कपटाही बाहेर आणायची सोय नव्हती. हुकलेला छापसुद्धा मोजून परत द्यायचा. कामाविषयी ते घरात बोलतही नसत. कागदाचे तुकडे जोडून काम करणाऱ्या नातीला आजोबांकडून कागदच नाही.

आत्यानं आपल्या ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा आणला तेव्हा वाट सापडली. लग्नानंतर माईनं तिला दुसऱ्याकडून लिहवून पाठवलेली पत्रं. प्रत्येकावर तिकीट, आणि तिकिटं नाशिकची. आजोबांच्या खात्यात छापलेला कागद नाशिकरोडहून देशभर जायचा, पोस्टात विकला जायचा, तो पैसे देऊन विकत घेऊन माई लेकीला पत्र धाडायची. पत्रं मी हातही न लावता परत दिली. पाकिटांवरची तिकिटं तेवढी कोमट पाण्यात सोडवली आणि डाव्या दारावर, फोटोतल्या आजोबांच्या टोपीच्या खुंटीखाली, एका ओळीत लावली. स्टॅम्पपेपरवरचं वाड्याचं वाटणीपत्रही त्याच छापखान्यातलं असणार. त्याची मूळ प्रत अर्थातच वकिलाकडे, माझ्याकडे झेरॉक्स. ती लावली नाही. वाटणीपत्र भिंतीवर टांगावं असं कुठल्या घरात असतं?

बाकी किरकोळ. दिंडी दरवाज्याच्या खिळ्यांचा आणि गणेशपट्टीचा ठसा पतंगाच्या कागदावर, पेन्सिलीची कांडी आडवी घासून घेतला. स्वयंपाकघराच्या तुळईची काजळी खरवडून शाई केली. काजळी पाण्यात मिसळत नाही, तरंगत राहते, म्हणून आधी थेंबभर स्पिरिट, मग बाभळीच्या डिंकाचं पाणी, आणि खलात घोटायचं. त्या शाईनं आईची पावलं लिहिली, बावीस आणि सव्वीस. दारावरची महापालिकेची नोटीस मुळातच खळीनं चिकटवलेली, ती भिजवून अलगद काढली आणि डाव्या दाराच्या तळाशी बसवली. भांडी बाजारातल्या एका वयस्कर तांबटांनी तांब्याच्या पातळ पत्र्याची पट्टी मठारून दिली, ठोक्यांच्या खळ्या ओळीनं. ठोकण्याचा आवाज सगळ्यांच्याच आठवणीत होता. ती मीठ आणि व्हिनेगर लावून हिरवी होऊ दिली.

दारांच्या आतल्या बाजूला मी काही केलं नाही. हिशोब होते तसे ठेवले, फक्त वरून मॅट वॉर्निश.

अक्षय्य तृतीयेला आत्याकडे सगळे जमले तेव्हा दारं भिंतीला उभी करून दाखवली. भाडेकरू काकूंनाही मुद्दाम बोलावलं होतं. आत्यानं पहिल्यांदा पिस्ता रंग शोधला, तो नखाएवढा असल्याबद्दल तक्रार केली, आणि मग उजव्या दाराकडे वळून म्हणाली, "चूल या अंगाला नव्हती." आई म्हणाली, "याच अंगाला होती." "वहिनी, मी त्या घरात जन्मले." "आणि मी तिथे रोज पोळ्या लाटल्या." कापडावर दोघींच्या दोन चुली आहेत, दोन्ही सारख्याच पुसट, हे मी दाखवून पाहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

काकू मात्र बराच वेळ कापडाशी होत्या. आपले दोन खण त्यांना लगेच सापडले होते. मग त्यांनी त्या भिंतीच्या पलीकडे बोट नेलं आणि विचारलं, "हे काय, माजघर का? इतकी वर्षं राहिले, पण या भिंतीच्या पलीकडे कधी आले नव्हते मी." आई चुलीचं भांडण सोडून तिकडे गेली आणि एकेक खोली बोटानं दाखवू लागली. शिवलेल्या चौकोनाशी आल्यावर काकूच म्हणाल्या, "ही जागा आमच्याकडे स्टोव्हच्या मागे होती."

अण्णाकाका तेवढ्यात दारं उघडून आतले हिशोब वाचत होते. मधेच थबकले. माईला अक्षर येत नव्हतं, म्हणजे लिहिलेलं आजोबांनीच असणार : अण्णा, उसने, चाळीस. बाकीच्या सगळ्या नोंदींवर काट मारलेली, या एकीवर नाही. "हे मी दिले होते," काका म्हणाले. मग आत्याकडे वळून, "तुझ्यासमोर दिले होते की नाही?"

आत्या म्हणाली, "मला जिना आठवत नाही, तुझे चाळीस रुपये कुठून आठवणार?"